पंचवीस टोकांचा तारा

(नभोवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)



डिसेंबर उजाडला की शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला थोडी मोकळीक मिळते. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा बहुधा आटोपलेल्या असतात, सहामाहीचे पेपर वाटून झालेले असतात आणि वार्षिक परीक्षेची धास्ती अजून सुरू झालेली नसते. मी वसईतल्या एका शाळेत चित्रकला शिकवते. आमच्याकडे ख्रिस्ती कुटुंबं मोठ्या संख्येनं आहेत, त्यामुळे नाताळ हा फक्त एका समाजाचा सण राहत नाही, तो गावाचा सण होतो. अंगणात तारे चढू लागले की वर्गातही मागणी येते, "बाई, नाताळचं काहीतरी करू या ना!"

हे 'काहीतरी' म्हणजे काय, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. पहिली-दुसरीच्या मुलांना कापसाची दाढी चिकटवलेला सांताक्लॉज पुरतो. हिरव्या कागदाचं झाड, त्यावर चमकी, की मुलं खूश. पण तेच काम आठवी-नववीतल्या मुलांपुढे ठेवून बघा. मुली एकमेकींकडे बघून हसतात, मुलं मागच्या बाकावर कागदाची विमानं करतात. त्यात त्यांचा दोष नाही. मिसरूड फुटू लागलेल्या मुलाला कापूस चिकटवायला सांगणं हा त्याच्या वयाचा अपमान आहे आणि तो त्याला बरोबर कळतो.

या वयाबद्दल थोडं बोलायला हवं. व्हिक्टर लोवेनफेल्ड नावाच्या कलाशिक्षकानं १९४७ साली मुलांच्या चित्रांच्या वाढीवर एक पुस्तक लिहिलं. आजही कलाशिक्षणात त्याचा आधार घेतला जातो. बारा-चौदा वर्षांच्या सुमाराला मुलाची नजर स्वतःच्या कामाकडे वळते आणि कठोर होते, असं त्यानं सांगितलं. पाच वर्षांची मुलगी हत्ती काढते आणि तो हत्तीच असतो. तीच मुलगी तेराव्या वर्षी हत्ती काढते, मग पुसते, पुन्हा काढते आणि शेवटी वही मिटून म्हणते, "मला चित्रकला येत नाही." हे वाक्य मी दर वर्षी ऐकते. पुढे दहावी येते, चित्रकलेचा तास कधी गणिताला जातो, कधी विज्ञानाला, आणि ते वाक्य आयुष्यभरासाठी कायम होतं. मोठेपणी हीच माणसं आपल्या मुलांना सांगतात, "आमच्या घरात कुणाच्या हातात कलाच नाही."

म्हणून आठवी-नववीचा डिसेंबर मला फार मोलाचा वाटतो. हाताशी सहा-सात तास असतात. एवढ्या वेळात, चित्रकला सोडून देण्याच्या बेतात असलेल्या मुलाच्या हातात काय द्यायचं? माझं उत्तर असं, की त्याला सोपं काही देऊ नका, अवघड द्या. त्याच्या मापाचं अवघड.

सुरुवात बांबूच्या ताऱ्यापासून करू. फिलिपाइन्समध्ये नाताळात घरोघरी 'पारोल' लावतात. स्पॅनिश भाषेत कंदिलाला 'फारोल' म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. तिथे १६ ते २४ डिसेंबर अशी नऊ दिवस पहाटेची मिस्सा असते. अंधारात चर्चची वाट धरताना हे कंदील सोबतीला असत. मूळचा पारोल म्हणजे बांबूच्या कामट्या आणि पातळ कागद. आपल्या दिवाळीच्या चांदणीच्या आकाशकंदिलाचा हा सख्खा भाऊच म्हणा ना! मी हे सांगते तेव्हा वर्गातल्या मुलांना गंमत वाटते. आपल्या आजोबांनी गॅलरीत लावलेला कंदील आणि मनिलातल्या कुण्या आजोबांनी लावलेला कंदील, दोघांचा सांगाडा एकच.

हा सांगाडा समजून घेण्यासारखा आहे. सारख्या लांबीच्या दहा कामट्या घ्यायच्या. पाच कामट्यांची एक चांदणी, अशा दोन चांदण्या दोऱ्यानं बांधायच्या. मग एक चांदणी दुसरीवर ठेवून पाचही टोकं एकमेकांना घट्ट बांधायची. आता मधे जिथे कामट्या एकमेकींना छेदतात, तिथे पाच आखूड काड्या आडव्या ठोसून बसवायच्या. दोन्ही चांदण्या मधोमध फुगतात आणि सपाट आकाराला एकदम पोट येतं. त्या क्षणी वर्गात हमखास "आयला!" असा आवाज उठतो. मी तो ऐकला नाही असं दाखवते.

वर पतंगी कागद, आणि चिकटवायला मैद्याची खळ. पूर्वी खळीत मोरचूद घालत, म्हणजे कीड लागत नसे. शाळेत मोरचूद नको, ते विषारी असतं. खळ रोज ताजी शिजवावी. कामट्या आमच्याकडे बुरुडाकडून तासून आणतो, आणि मुलांनाच आणायला पाठवतो. एका बांबूतून किती कामट्या निघतात, पेर कुठे येतं, ओला बांबू का वाकतो आणि सुका का मोडतो, हे त्या माणसाकडून ऐकणं हाही कलेचाच तास आहे.

दुसरा प्रकल्प याहून अवघड, आणि माझा सर्वांत आवडता. त्याची जन्मकथाच शाळेतली आहे. जर्मनीच्या पूर्व भागात निस्की नावाचं गाव आहे. तिथे मोरेव्हियन या ख्रिस्ती पंथाची निवासी शाळा होती. या पंथाचे धर्मोपदेशक दूरदेशी जात आणि त्यांची मुलं वसतिगृहात राहून शिकत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या शाळेत भूमिती शिकवताना मुलांकडून कागदाचे अनेक टोकांचे तारे करून घेऊ लागले. आईवडील हजारो मैल दूर, बाहेर कडाक्याची थंडी, आणि नाताळच्या आधीच्या दिवसांत ही मुलं बसून तारे चिकटवत आहेत, असं चित्र डोळ्यांपुढे आणा. पुढे हे तारे घरोघरी गेले, जवळच्याच हेर्नहूट गावी त्यांचा कारखाना निघाला, आणि आज जगभर तो हेर्नहूटचा तारा किंवा मोरेव्हियन तारा म्हणून ओळखला जातो. पण मुळात तो भूमितीचा गृहपाठ होता, हे आमच्या मुलांना फार आवडतं.

या ताऱ्याला पंचवीस टोकं असतात. त्यांतल्या १७ टोकांचा तळ चौकोनी आणि ८ टोकांचा तळ त्रिकोणी. गणित असं आहे. मधल्या पट्ट्यात आठ चौकोनी टोकं गोल फिरतात. त्यांच्या खाली चार चौकोनी आणि चार त्रिकोणी आळीपाळीनं, आणि अगदी तळाला एक चौकोनी. वरच्या बाजूलाही तसंच, फक्त माथ्यावरची जागा मोकळी ठेवायची. तिथून दिवा आत सोडायचा आणि तारा टांगायचा.

एक टोक कसं करायचं तेही सांगते, घरी कुणाला करून बघायचं असेल तर उपयोगी पडेल. कार्ट्रिज कागदावर कंपासमध्ये १५ सेंटिमीटर अंतर घेऊन कंस काढा. त्या कंसावर ५-५ सेंटिमीटर अंतरानं पाच खुणा ओळीनं करा. प्रत्येक खूण मध्यबिंदूशी आणि शेजारच्या खुणेशी पट्टीनं जोडा. चार उंच, निमुळते त्रिकोण शेजारी शेजारी तयार होतात. प्रत्येकाच्या खालच्या कडेला आणि शेवटच्या उभ्या कडेला एक सेंटिमीटरची पट्टी चिकटवण्यासाठी सोडा. रिकाम्या बॉलपेननं घडीच्या रेघा दाबून घ्या, म्हणजे घडी धारदार पडते. मग मिटून चिकटवा. झालं चौकोनी टोक. त्रिकोणी टोकाला चारऐवजी तीन त्रिकोण. सगळ्या ताऱ्याचे मिळून ९२ त्रिकोण होतात आणि पुरा झालेला तारा टोकापासून टोकापर्यंत साधारण ४१ सेंटिमीटर भरतो. आत एलईडीचा छोटा दिवा लावायचा. तो फारसा तापत नाही. मेणबत्ती मात्र चुकूनही नको.

पाच मुलांचा एक गट, प्रत्येकानं पाच टोकं करायची. खरी मेख इथे आहे. प्रत्येकाचं माप तंतोतंत जुळलं पाहिजे. एकानं ५ ऐवजी ५.२ सेंटिमीटर घेतले, की त्याची टोकं शेजारच्यांच्या कडांना बसत नाहीत आणि अख्खा तारा तिरका होतो. इथे 'छान रंगवलंस' किंवा 'कल्पना चांगली आहे' असं म्हणून वेळ मारून नेता येत नाही. तारा जुळतो, नाहीतर जुळत नाही. बाईंनी शेरा देण्याची गरजच पडत नाही.

माझ्या वर्गात नववीला एक मुलगा होता. त्याची चित्रकलेची वही पहिल्या पानापलीकडे गेलेली नव्हती. विचारलं तर ठरलेलं उत्तर, "मला नाही येत, बाई." त्याच्या गटाची टोकं जुळेनात. बाकीचे चौघं एकमेकांवर ओरडू लागले. हा पठ्ठ्या काही न बोलता सगळी टोकं घेऊन बसला, पट्टीनं एकेक कड मोजली आणि नेमकी कुठली सहा बिघडलेली आहेत ते बाजूला काढलं. दुसऱ्या दिवशी तो घरून पुठ्ठ्याचा साचा कापून घेऊन आला. "यावरून गिरवा, म्हणजे चुकणार नाही," म्हणाला. त्या आठवड्यात तो साचा वर्गभर फिरला. शेवटचं टोक बसवताना माथ्याच्या भोकातून दोनच बोटं आत जातात. ते काम सगळ्या गटांनी त्याच्याकडेच दिलं. तो काही त्यामुळे चित्रकार झाला नाही. पण जानेवारीत त्यानं वहीचं दुसरं पान उघडलं. मला तेवढं पुरेसं होतं.

तिसरा प्रकल्प गोठ्याचा. येशूजन्माचा देखावा, आमच्याकडे त्याला नाताळगोठा म्हणतात. १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावी संत फ्रान्सिस यांनी खराखुरा बैल, गाढव आणि गवत आणून हा प्रसंग लोकांपुढे उभा केला. २०२३मध्ये त्याला आठशे वर्षं झाली. त्यानंतर हा देखावा जिथे जिथे गेला, तिथल्या मातीचा झाला. नेपल्सच्या कारागिरांनी त्यात आपल्या बाजारातले मासेवाले आणि फळवाले उभे केले. पोलंडमधल्या क्राकूव शहरात पुठ्ठा आणि रंगीत चांदी कागदाचे गोठे करतात. ते बघितले तर गोठा कुठे आहे हे शोधावं लागतं, कारण त्यांनी आपल्याच शहरातल्या चर्चचे मनोरे आणि राजवाडे त्यात उभारलेले असतात. १९३७पासून तिथे या गोठ्यांची स्पर्धा भरते, आणि २०१८मध्ये युनेस्कोनं ही परंपरा आपल्या यादीत घेतली.

आपल्याकडेही याचं थोर उदाहरण आहे. गोव्याचे चित्रकार अँजेलो द फोन्सेका, १९०२ ते १९६७. ते शांतिनिकेतनात अवनींद्रनाथ ठाकुरांकडे शिकले आणि पुढे पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात अनेक वर्षं राहिले. त्यांनी काढलेली मरियम साडी नेसलेली आहे. या चित्रांवर त्या काळी टीकाही झाली. मी त्यांच्या चित्रांच्या छापील प्रती वर्गात दाखवते आणि मुलांना एवढंच सांगते, "गोठा करा, पण तो आपल्या गावातला असू दे."

आणि एक अट घालते. कापसाचा बर्फ वापरायचा नाही. वसईत बर्फ पडत नाही. तो परदेशी शुभेच्छापत्रांवरून आपल्या देखाव्यात येऊन पडलेला आहे. थर्माकोलही नाही. २०१८पासून राज्यात थर्माकोलच्या सजावटीवर तशीही बंदी आली. मग काय वापरायचं? भाताचा पेंढा, केळीची सोपटं, झावळ्या, गोणपाट, गणपतीच्या वेळची उरलेली शाडू. हिरवळ हवी तर ताटलीत माती पसरून नाचणी पेरायची. आठ-दहा दिवसांत लुसलुशीत रोपं वर येतात. घटस्थापनेला घरी धान्य पेरलेलं बघणाऱ्या मुली हे काम आपणहून अंगावर घेतात. पण नेमकं कधी पेरायचं याचा हिशोब आधी करावा लागतो, आणि रविवारी शाळेत येऊन पाणी कोण घालणार हेही ठरवावं लागतं. चौदा वर्षांच्या मुलांना अशी जबाबदारी फार आवडते. फक्त ती खरी असावी लागते.

या अटींमधून काय काय निघालं! एका गटानं वसईच्या किल्ल्यातल्या पडक्या कमानीखाली गोठा मांडला. एकानं केळीच्या बागेतल्या पंपाच्या खोलीत. एका गटातल्या मुलीनं मात्र अर्धवट बांधलेल्या इमारतीचा सांगाडा केला. पुठ्ठ्याचे खांब, आगपेटीच्या काड्यांच्या सळया, आणि तळमजल्यावर एका कोपऱ्यात निळ्या ताडपत्रीचा आडोसा. त्यात शाडूची आई आणि बाळ. मी विचारलं, "हे इथे का गं?" ती म्हणाली, "बाई, गोष्टीत त्यांना कुणी जागा दिली नव्हती ना? आमच्या बाजूला नवीन बिल्डिंग होतेय. ज्यांना जागा नाही ती माणसं तिथेच राहतात. तिथे एक बाळही आहे." ती मुलगी ख्रिस्ती नव्हती. त्या गोष्टीचा अर्थ यापेक्षा नेमका मला तरी सांगता आला नसता.

इथे कुणी विचारेल, आणि पालकसभेत एका वडिलांनी विचारलंही होतं, की आमच्या घरी नाताळ नसतो, मग आमच्या मुलीनं हे का करायचं? प्रश्न रास्त आहे. शाळेत कुणावर काही लादू नये, या मताची मी आहे. ज्याला गोठा करायचा नाही त्यानं कंदील करावा, ज्याला तोही नको त्यानं नुसती भूमिती म्हणून तारा करावा. पण आमच्या वर्गातली ख्रिस्ती मुलं दिवाळीला आकाशकंदील करतातच. शेजाऱ्याच्या सणाला हात लावल्यानं आपला सण पुसट होत नाही. उलट शेजाऱ्याच्या सणाचं आपल्याला एक तरी काम येतं. गावात राहायला तेवढं जमलं पाहिजे.

आता गुणांबद्दल थोडं. झगमगाटाला गुण द्यायचे नाहीत, हे मी सुरुवातीलाच सांगून टाकते. प्रत्येकानं एका पानावर तीन गोष्टी लिहायच्या. काय करायचं ठरवलं होतं, कुठे अडलं, आणि त्यातून वाट कशी काढली. या पानाला निम्मे गुण. तयार वस्तू विकत आणलेल्या मुलाला हे पान लिहिता येत नाही, हा त्यातला छुपा फायदा.

कारण आजची खरी अडचण तीच आहे. पालक हौसेनं आणि काळजीनं मुलाचा प्रकल्प स्वतः करून देतात, नाहीतर दुकानातून प्लास्टिकचा तारा आणतात. पूर्वी चित्रकला सुटायची ती 'येत नाही' म्हणून. आता 'विकत मिळतं' म्हणूनही सुटते. बाजारातला तारा कदाचित अधिक झळकेल. पण तो जुळवताना कुणी ओठ दाबून श्वास रोखलेला नसतो. एखाद्या संध्याकाळी तुमचा मुलगा जेवायला उठत नसेल, जमिनीवर कागदाचे तुकडे पडलेले असतील, बोटांना डिंक लागलेला असेल आणि तो चिडून म्हणत असेल, "हे जुळतच नाहीये!", तर कृपा करून पुढे होऊन ते जुळवून देऊ नका. ताट झाकून ठेवा. फार तर एक बरी पट्टी आणून द्या.

शेवटची गोष्ट ताऱ्यांच्या मुक्कामाची. तारे शाळेच्या कपाटात जाऊ नयेत. तो कुणाकडे लावायचा हे गटानं ठरवायचं, तेही तयार झाल्यावर नाही, सुरुवातीलाच. कुणी वाचनालय निवडतं, कुणी वृद्धाश्रम, कुणी शाळेच्या शिपाईकाकांचं घर. कुणासाठी करतोय हे ठाऊक असलं की कडा जास्त नेटक्या येतात, हा माझा अनुभव आहे. आणि तारा लावून दिवा पेटवला की एक गोष्ट नक्की दिसते. कागद पातळ असतो, उजेड आतून येतो, आणि चिकटवलेल्या सगळ्या पट्ट्यांच्या सावल्या बाहेरून स्पष्ट दिसतात. कुणाची सरळ, कुणाची वाकडी, कुणाच्या डिंकाचा डाग. पंचवीसही टोकं कुणी केली ते त्या पाच जणांना ओळखू येतं. घरी जाताना ते वळून वळून बघत राहतात.